मीटिंगमध्ये सगळे 'हो' म्हणाले, मग ऑर्डर बुडाली कशी? एकट्यानं ठरवावं की सगळ्यांनी मिळून?

मकरपुरा_पाळी | रविवार, रात्री ९.१५

इथे बडोद्यातले, नोकरीत किंवा धंद्यात हाताखाली माणसं असलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा उघडतोय. मी मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन बघतो. एकवीस वर्षं याच कामात, त्यातली नऊ मॅनेजर म्हणून. दिवाळीच्या आधी आम्ही एक निर्णय घेतला तो चुकला, आणि अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

सप्टेंबरात ६०० व्हॉल्व्हची ऑर्डर आली. दहा आठवड्यांत माल द्यायचा होता. भाव चांगला, गिऱ्हाईक मोठं, पुढे दरवर्षी काम मिळेल अशी आशा. शेठनी सहा जणांना केबिनमध्ये बोलावलं: पर्चेस, क्यूसी (मालाची तपासणी), मेंटेनन्स, अकाउंट्स, मार्केटिंग आणि मी. आमची आठवड्याची गती ५० ची. दहा आठवड्यांत ५०० निघतील, उरलेले १०० बाहेर जॉबवर्कला देऊ, असं मी म्हणालो. शेठ म्हणाले, "मग घ्यायची ना?" सगळ्यांनी मान हलवली. वीस मिनिटांत मीटिंग संपली.

माल पूर्ण जायला सतरा आठवडे लागले. उशिराचा दंड कापला गेला, जॉबवर्कचा खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला आणि पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे गेलं.

जानेवारीत मी एकेकाशी निवांत बोललो. पर्चेसला माहीत होतं की फौंड्री दिवाळीत बारा दिवस बंद असते, ओतकामाची माणसं गावी जातात. क्यूसीला माहीत होतं की या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, स्वतः उभा राहून बघतो आणि आठवड्यातून एकदाच येतो. मेंटेनन्सला व्हीटीएलच्या, म्हणजे आमच्या उभ्या लेथच्या, स्पिंडलचा आवाज महिनाभर ऐकू येत होता. अकाउंट्सला माहीत होतं की बँकेचं सीसी लिमिट, म्हणजे उचल घेण्याची मर्यादा, जवळपास भरलंय, जॉबवर्कवाल्याला ॲडव्हान्स देता येणार नाही. आणि माझे दोन चांगले ऑपरेटर नोव्हेंबरात सुट्टीवर जाणार, हे मला माहीत होतं. यातलं एकही वाक्य त्या केबिनमध्ये कुणी बोललं नाही. लपवायचं कुणालाच नव्हतं. एवढी अडचण माझ्याकडची आहे, मी सांभाळून घेईन, असं प्रत्येकाला वाटलं. मलाही वाटलं.

प्रश्न असा की अशा वेळी मॅनेजरनं करायचं काय? एकट्यानं ठरवलं तर ही माहिती मिळणार नाही. सगळ्यांना बसवून ठरवलं, तरी मिळाली नाही.

सुरसागर_काठ | रविवार, रात्री ९.५०

मी रिफायनरीत शिफ्ट इन्चार्ज होतो, आता निवृत्त. आमच्याकडे दोन प्रकारचे निर्णय असायचे आणि दोन्हींची पद्धत पूर्ण वेगळी. कॉम्प्रेसरचं व्हायब्रेशन मर्यादेच्या वर गेलं तर पॅनेलवरचा माणूस मशीन ट्रिप करणार, म्हणजे तिथल्या तिथे बंद करणार. तो कुणाला फोन करत बसणार नाही, मीटिंग तर नाहीच. युनिट बंद पडलं की लाखोंचं नुकसान होतं, तरीही. मी असं दोनदा केलंय. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो "काय दिसलं तुला?" हा. "का बंद केलंस?" असं विचारलं असतं तर तिसऱ्या वेळी माझा हात थरथरला असता.

देखभालीसाठी शटडाउन कधी घ्यायचा, किती दिवसांचा, कुठली कामं आत घ्यायची, हे मात्र महिनोन्‌महिने सगळ्यांनी बसून ठरायचं.

तुमची ऑर्डर दुसऱ्या प्रकारची होती आणि तुम्ही ती पहिल्या प्रकारासारखी वीस मिनिटांत उरकलीत. मला तरी तिथेच चूक दिसते.

वाघोडिया_लेथ | रविवार, रात्री १०.२०

माझा स्वतःचा छोटा कारखाना आहे, अठ्ठावीस माणसं. मी सगळं एकटा ठरवतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. पाच जणांना विचारलं की काम न घेण्याची पाच कारणं मिळतात. तुमच्या सहा जणांनी आपापली अडचण बोलून दाखवली असती तर ऑर्डर हातची गेली असती. मग दुसऱ्या धाग्यावर तुम्ही लिहिलं असतं की आमच्याकडे कुणी हिंमतच करत नाही. शिवाय सगळ्यांनी मिळून ठरवलं की चुकल्यावर जबाबदार कुणीच नसतो. माझ्याकडे चुकलं तर मी चुकलो, एवढं स्पष्ट असतं.

फत्तेगंज_६ | सोमवार, सकाळी ७.३०

मी व्यवस्थापन शिकवते. मकरपुराभाऊ, तुमच्या केबिनमध्ये जे झालं त्यावर १९८५ साली स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. गटांना काही उमेदवारांतून एक निवडायचा होता. त्यांनी काही माहिती गटातल्या सगळ्यांना दिली आणि काही एकेकालाच. सगळ्यांची माहिती एकत्र केली तर एक उमेदवार स्पष्टपणे सरस ठरत होता. पण गट वारंवार दुसऱ्यालाच निवडायचे. कारण चर्चा फिरत राहायची ती सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींभोवती. एकट्याकडची माहिती एक तर बोलली जायची नाही, किंवा बोलली गेली तरी कुणी उचलून धरायचं नाही.

तुमच्या मीटिंगमध्ये कशावर बोलणं झालं ते आठवून बघा. भाव, गिऱ्हाईक, आठवड्याचे ५०. हे सहाही जणांना आधीच ठाऊक होतं. फौंड्रीची सुट्टी एकालाच माहीत होती, आणि ती तशीच राहिली.

वाघोडियाभाऊ, एकट्यानं ठरवण्यात कमीपणा मुळीच नाही. पण एकट्या माणसाचीही मर्यादा असते. हर्बर्ट सायमन यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते यावरच्या कामासाठी. माणूस सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडत नाही. वेळ, माहिती आणि डोक्याची ताकद यांना मर्यादा असते, म्हणून बऱ्यापैकी चालेल असा पहिला पर्याय सापडला की तो थांबतो. व्यवहारात बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. काकांनी सांगितलेला ट्रिपचा निर्णय तसाच आहे. गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की ते दोन पर्याय शेजारी ठेवून तुलना करतच नाहीत. प्रसंग ओळखीचा वाटतो, पहिला सुचलेला उपाय मनात चालवून बघतात आणि कामाला लागतात. मात्र त्यामागे वर्षानुवर्षांचा अनुभव असतो आणि प्रसंग तशाच धर्तीचा असावा लागतो. ६०० व्हॉल्व्हची ऑर्डर तुम्ही आधी किती वेळा घेतली होती?

मकरपुरा_पाळी | सोमवार, सकाळी ८.०५

एकदाही नाही, मॅडम. सगळ्यात मोठी २२० ची होती.

कारेलीबाग_स्टॉकिस्ट | सोमवार, दुपारी १.१०

आमचं औषधांचं गोडाऊन आहे, तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काय झालं ते सांगतो, कारण तिथे बिघडलं ते उलट्या बाजूनं.

आम्ही तिघे भाऊ भागीदार. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. विश्वामित्रीचं पाणी चढतंय, आजवा धरणातून पाणी सोडलंय, असे मेसेज दुपारपासून येत होते. गोडाऊनच्या मॅनेजरनं संध्याकाळी लिहिलं, "माल वर हलवायचा का? टेम्पो आणि चार मजूर लागतील." मोठ्या भावानं लिहिलं, "बघूया." मधल्यानं लिहिलं, "दादा सांगेल तसं." मी अंगठा टाकला. आमच्यापैकी कुणीही नाही म्हणालं नाही, आणि हलवा असंही कुणी म्हणालं नाही. रात्री पाणी आत आलं. इन्सुलिनचा फ्रिज, सलाइनच्या पेट्या, सगळं गेलं. तो बिचारा मॅनेजर अजून मला म्हणतो, "मी विचारलं होतं हो."

आता आमच्याकडे कागद लावलेला आहे. काळा घोड्याच्या पुलापाशी पाण्याची पातळी १८ फुटांवर गेली की मॅनेजरनं कुणालाही न विचारता टेम्पो बोलवायचा. पाणी नाही आलं तर टेम्पोचं भाडं आमचं. त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही. हे तिघांनी दिवाळीत शांतपणे बसून ठरवलं. पूर येत असताना हे ठरवता येत नाही, हे आम्ही पाहिलंय.

सुरसागर_काठ | सोमवार, दुपारी २.००

हेच तर ट्रिप सेटिंग. शांत असताना सगळ्यांनी मिळून आकडा ठरवायचा, वेळ आली की एकट्यानं अंमल करायचा. फार चांगलं केलंत.

गेज_आणि_मी | सोमवार, संध्याकाळी ७.४५

मी क्यूसीत आहे, पोर गावाच्या बाजूला एका कंपनीत. मकरपुराभाऊंच्या क्यूसीवाल्यानं इन्स्पेक्टरचं का सांगितलं नसेल ते मला अगदी आतून कळतं. क्यूसीच्या माणसानं मीटिंगमध्ये तोंड उघडलं की लोकांना वाटतं, झालं, हे आडवे आले. मला दोन वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर विचारलं गेलं होतं, "तुझ्याकडे काही पुरावा आहे का की माल रिजेक्टच होईल?" पुरावा नव्हता, शंका होती. मी गप्प बसले.

नंतर मी अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाबद्दल वाचलं आणि मला माझा तो दिवस आठवला. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी उड्डाण होतं आणि थंडी कडाक्याची पडणार होती. यानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं की थंडीत सांध्यांतल्या रबरी ओ-रिंग कडक पडतात, ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका. नासाकडून नाराजी आली. कंपनीनं पाच मिनिटं मागून घेतली आणि लाइनवरून बाजूला झाले. ती पाच मिनिटं अर्धा तास चालली. इंजिनिअर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मग वरिष्ठांनी इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. शेवटी मत दिलं ते फक्त चार मॅनेजरांनी, आणि उडवा असं कळवलं. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि आतली सातही माणसं गेली.

त्या इंजिनिअरांनी नंतर सांगितलं की एरवी यान सुरक्षित आहे हे आम्हाला सिद्ध करावं लागायचं. त्या रात्री ते सुरक्षित नाही हे सिद्ध करायला सांगितलं गेलं. हे वाचून मला रडू आलं. ज्याच्याकडे शंका आहे त्याच्यावरच पुराव्याचं ओझं टाकलं, तर मीटिंगमध्ये कोण कशाला बोलेल?

मॅनेजर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. "कुणाला काही अडचण?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर कधीच येत नाही.

मकरपुरा_पाळी | सोमवार, रात्री ८.३०

ताई, तुमचं वाचून मी आमच्या क्यूसीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच आधी बोललात ना, की शंभर बाहेरून काढू. तुम्ही ठरवलंय असं वाटलं." म्हणजे निर्णय शेठचा नव्हता आणि सहा जणांचाही नव्हता. पहिलं वाक्य माझं होतं, तोच निर्णय झाला. मला हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

रावपुरा_टॉवर | सोमवार, रात्री ९.१०

बरोबर जागी आलात. मी बँकेत आहे, कर्जाच्या समितीवर बसते. आमच्याकडे आधी मोठे साहेब बोलायचे आणि मग बाकीचे. साहेबांनी "पार्टी चांगली आहे" म्हटलं की माझ्याही नोटेत ती चांगली दिसायला लागायची. मी खोटं लिहीत नव्हते हो, मला खरंच तशी दिसायची!

सोलोमन ॲश यांचा १९५० च्या दशकातला रेघांचा प्रयोग अनेकांना माहीत असेल. कुठली रेघ समान लांबीची, एवढाच प्रश्न. एकट्यानं उत्तर देताना जवळजवळ कुणी चुकत नाही. पण आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं सांगितलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश वेळा माणसं त्यांच्यामागे गेली. तिथे कुणी साहेब नव्हता, पगार नव्हता, नुसती अनोळखी माणसं होती.

आमच्याकडे आता प्रत्येक सभासद आपला शेरा आणि रेटिंग आदल्या दिवशी लिहून पाठवतो, आणि बैठकीत सर्वांत ज्युनियर आधी बोलतो. माझे सासरे फौजेत होते. ते म्हणाले, यात नवीन काय, कोर्टमार्शलमध्ये मत घेताना कनिष्ठ अधिकाऱ्यापासूनच सुरुवात करतात.

आदल्या दिवशीचे शेरे एकत्र ठेवून बघितले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एकाच फायलीवर आमची मतं किती लांब लांब आहेत. डॅनिएल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी एका विमा कंपनीत असंच तपासलं होतं. तीच फाइल वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना दिली तर प्रीमियममध्ये किती फरक पडेल, हे आधी साहेबांना विचारलं. त्यांचा अंदाज १० टक्के, प्रत्यक्षात निघाला ५५ टक्के. वाघोडियाभाऊ, हे सगळे एकेकटे ठरवणारे, अनुभवी लोक होते.

वाघोडिया_लेथ | मंगळवार, सकाळी ६.५०

५५ टक्के वाचून रात्री झोप नीट लागली नाही. कोटेशन मी एकटाच काढतो. माझंच सोमवारचं आणि शनिवारचं कोटेशन सारखं असतं का, असा विचार आला.

एक सांगतोच. चार वर्षांपूर्वी एक जुनं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, घेतलं, एकट्यानं ठरवून. पहिल्या तीन महिन्यांतच कळलं होतं की कंट्रोलर बिघडका आहे. मी आधी कार्ड बदललं, मग बॉलस्क्रू, मग सर्वो मोटर. दर वेळी वाटायचं, एवढे घातलेत तर अजून थोडे घालू, नाहीतर आधीचे वाया. माझा फोरमन पहिल्या वर्षीच म्हणाला होता की विकून टाका. त्याचं ऐकलं असतं तर निम्मे पैसे वाचले असते. पण घेतलं मी होतं, तर चुकलं हे म्हणणार कोण?

फत्तेगंज_६ | मंगळवार, सकाळी ७.४०

हे इतक्या मोकळेपणानं लिहिलंत, मनापासून आभार. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये नेमकं हेच दाखवलं. ज्यानं पहिला निर्णय स्वतः घेतलेला असतो, तोच तोट्यात चाललेल्या कामात पुन्हा जास्त पैसे घालतो. तोच निर्णय दुसऱ्या कुणाचा असेल तर हात आखडता घेतो. म्हणून घेणारा आणि पुढे चालू ठेवायचं का हे ठरवणारा, ही माणसं वेगळी असावीत. तुमचा फोरमन त्या जागेवर उत्तम होता.

आणि जबाबदारीचा तुमचा मुद्दा मी सोडलेला नाही. विचारायचं सगळ्यांना, पण सही एकाचीच, यात विरोध नाही. व्रूम आणि येटन यांनी १९७३ मध्ये याच्या पाच पायऱ्या मांडल्या. हातात आहे त्या माहितीवर स्वतः ठरवणं हे एक टोक, गटानं एकमतानं ठरवणं हे दुसरं. मध्ये एक पायरी अशी आहे की प्रत्येकाला वेगवेगळं गाठायचं, एकत्र न बसवता म्हणणं ऐकायचं, आणि मग स्वतः ठरवायचं. आपल्याकडे हिचा वापर फार कमी होतो आणि मला वाटतं मकरपुराभाऊंना हीच हवी होती. माहिती विखुरलेली आहे, वरिष्ठांचा दबाव आहे, वेळ आठवडाभराचा आहे. सहा जणांकडे दहा दहा मिनिटं गेलात तरी एका दुपारचं काम.

सुरसागर_काठ | मंगळवार, सकाळी १०.३०

एक गोष्ट राहतेय. सगळे निर्णय एकदम पूर्ण घ्यायचे नसतात. आपल्या बडोद्याचंच उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केलं ते १९०६ मध्ये. पण सुरुवात १८९३ ची, अमरेली तालुक्यातल्या थोड्या गावांत. शेतीच्या दिवसांत मुलं शाळेत घालायला किती आईबाप तयार असतील, शिक्षक कुठून आणायचे, दंड कसा वसूल करायचा, हे दरबारात बसून कुणाला सांगता आलं असतं? राजा होते, एका हुकमाचं काम होतं. तरी तेरा वर्षं दिली.

६०० ऐवजी आधी १५० घेतो, बाकीचं दिवाळीनंतर ठरवू, असं गिऱ्हाइकाला विचारलं होतं का कुणी?

मकरपुरा_पाळी | मंगळवार, दुपारी १२.१५

नाही काका. मार्केटिंगवाल्याला आज विचारलं. तो म्हणाला, "त्यांनी ऐकलं असतं बहुतेक, त्यांचा प्रोजेक्टच दोन टप्प्यांत होता." हेही एकट्याकडेच होतं.

मकरपुरा_पाळी | दहा दिवसांनी, शुक्रवार, रात्री १०.००

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं. या आठवड्यात नवीन व्हीटीएल घ्यायचं की जुनं ओव्हरहॉल करायचं, हा विषय होता. शेठना मी आधीच जाऊन सांगितलं की ठरवणार तुम्हीच, पण मीटिंग गुरुवारी ठेवा आणि त्यात शेवटी बोला. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि चालेल म्हणाले.

सोमवारी सहाही जणांना एकेक कागद दिला. त्यावर एकच ओळ होती: "असं समजा की वर्ष झालंय आणि नवीन मशीन घेण्याचा निर्णय पूर्ण फसलाय. काय झालं असेल ते लिहा." ही गॅरी क्लाइन यांचीच युक्ती, मॅडमनी मला मेसेजमध्ये सांगितली. कागदावर नाव घालायचं नाही, आणि बुधवारी डब्यात टाकायचा. शंका घेतोय असं कुणाला वाटलं नाही, कारण फसलंय हे आधीच धरलेलं होतं.

डब्यातून सात कागद निघाले. मी कागद दिले होते सहा. सातवा व्हीटीएलवरच्या ऑपरेटरचा होता, अक्षरावरून ओळखला. त्यानं कुणाकडून तरी ऐकून वहीचं पान फाडून लिहिलं होतं की नवीन मशीनचं टेबल आपल्या क्रेनच्या हुकाखाली येत नाही, दर जॉब फोर्कलिफ्टनं चढवावा लागेल आणि आपली फोर्कलिफ्ट तेवढी उंच जात नाही.

काल मीटिंग दीड तास चालली. क्यूसी आधी बोलला, मी पाचवा. शेठनी शेवटी ऑपरेटरला आत बोलावलं आणि टेप घेऊन सगळे शेडमध्ये गेलो. हुक अकरा इंच कमी पडतो. मशीनवाल्याला फाउंडेशनची जागा बदलून नवीन ड्रॉइंग मागितलंय, ते सोमवारी येईल. त्यानंतर शेठ ठरवतील.

गेज_आणि_मी | शुक्रवार, रात्री १०.२०

त्या ऑपरेटरला पुढच्या वेळी सातवा कागद तुम्ही स्वतः नेऊन द्या.